न खाजणारा कंद

सुरतेत मी अठरा दिवस राहिलो आणि साडीचं एकही दुकान पाहिलं नाही. परत आल्यावर गावातल्या बायांनी बायकोला विचारलं, मास्तरांनी काय आणलं? काहीच आणलं नव्हतं. जो तो सुरतेहून आल्यावर घारी मिठाईचं नि जरीचं कौतुक सांगतो. माझ्याकडे सांगायला आहे ते एका कुंपणाचं, एका दवाखान्याचं आणि भीतीचं. ज्यांना ऐकवत नसेल त्यांनी इथेच थांबावं.

आधी माझ्याविषयी थोडं. मी साक्रीकडचा प्राथमिक शिक्षक. मुलांना परिसर अभ्यास शिकवतो आणि स्वतः परिसराला भितो. लहानपणी शेंगदाणे समजून एरंडीच्या बिया खाल्ल्या होत्या, दोन दिवस आई उशाशी बसून होती. तेव्हापासून कुठलंही झाड दिसलं की मी आधी त्याच्यात मारणारा भाग कुठला ते शोधतो. बटाटा खातो, पण हिरवा पडलेला फेकून देतो. सीताफळ खाताना बिया मोजून बाजूला ठेवतो. ज्वारीची भाकर रोज खातो, पण त्याच ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन फुगलेली गाय मी पाहिली आहे आणि ती डोळ्यांपुढून जात नाही. बायको म्हणते, तुमच्याशी संसार म्हणजे वैद्याच्या दुकानात राहणं.

माझी धाकटी बहीण विमल सुरतेत डिंडोलीला राहते. तिचा नवरा हिरामण लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला. त्यांची मुलगी राणी मराठी शाळेसाठी माझ्याच घरी, माझ्याच वर्गात, चौथीत. शहाण्णव साली शिवरात्रीला विमलने निरोप धाडला, की भाऊ, दहा वर्षं झाली, एकदा तरी माझं घर बघून जा. मी चार दिवसांची रजा टाकली.

डिंडोली

उधना स्टेशनवर उतरलो तेव्हा हिरामणराव घ्यायला आले होते. डिंडोलीत शिरलो नि आधी कान गेले. गल्लीगल्लीतून लूमचा खडखडाट, त्याच्यावरून माणसं ओरडून बोलतात, आणि बोलतात ती आपली अहिराणी. पारोळा, शिरपूर, साक्री, सगळं एका गल्लीत उतरलेलं. पोरं मात्र आपसात गुजरातीत भांडत होती.

विमलचं घर दोन खोल्यांचं. दारात गोडेतेलाच्या डब्यांची रांग, त्यात कोथिंबीर, तांदुळजा, मिरच्या, एक गवती चहा. आणि शेजारच्या घराच्या भिंतीला लागून भलीमोठी लाल कण्हेर. तिची फुलं वाऱ्याने विमलच्या पाण्याच्या हंड्याजवळ पडत होती. मी चहा घेण्याआधी हंडा उचलून आत नेला.

"भाऊ, कन्हेर काय उडीसन तुन्हा तोंडमा जाई का?" विमल हसली. घरात आम्ही भावंडं अहिराणीच बोलतो.

"फूल पानीमा पडनं तर?" मी म्हणालो.

"दहा वरीस पडी ऱ्हायनं. मरनूत का आम्ही?"

शेजारणी जमल्या होत्या, त्याही हसल्या. विमलचा या गल्लीत दरारा होता तो तिच्या पालेभाजीमुळे. कालव्याच्या काठाने ती सकाळी जाई आणि ओटीभर पाला घेऊन येई. कुठला पाला शिजवायचा, कुठला वाफवून पाणी टाकायचं, कशाची फुलं खायची आणि पानं सोडायची, हे तिला पाठ. बहात्तरच्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती. आईबरोबर डोंगरात जाऊन कंद खणून आणायची, आणि त्या कंदांवर आम्ही सगळे जगलो. कंद पारखायची रीतही ती तिथेच शिकली. कंद कापायचा, फोड मनगटाच्या आतल्या बाजूला चोळायची, मग ओठाला लावायची, नि थांबायचं. खाज आली तर चिंचेत उकळायचा किंवा टाकून द्यायचा. खाज नाही आली तर खायचा. आमच्याकडे ही परीक्षा सगळ्यांना ठाऊक आहे आणि तिने कधी कोणाला फसवलं नव्हतं.

त्या दिवशी जेवणात भाकरी, सुरती पापडीची भाजी आणि पोंक होता. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण इथे त्याला शेव-लिंबू लावून खातात. आपण शेतात, आगटीजवळ बसून हाताने मळून खातो, हे पेठेतून पुड्यात आणतात. चव मात्र तीच. मी दोन मुठी खाल्ला आणि मग मला फुगलेली गाय आठवली. विमलने माझा थांबलेला हात पाहिला आणि पुन्हा गल्लीभर हशा पिकला.

कामरेज

दुसऱ्या दिवशी मी आणि विमल सुरतेबाहेर कामरेजला गेलो. हिरामणराव लूमवर यायच्या आधी दोन वर्षं तिथल्या मणिबेन नावाच्या बाईंच्या शेतावर होते. तेव्हापासून दर शिवरात्रीला मणिबेन विमलला बोलावून उपासाचा कंद देतात. हा कंद आपल्याकडे फारसा दिसत नाही. बाहेरून मातकट, आतून जांभळा, एकेक दोन किलोचा. गुजराती लोक तो उंधियूच्या भाजीत घालतात, त्याची भजीही करतात. आपण कंदमुळांना उपासापुरतं ओळखतो, यांची थंडी त्याच्याशिवाय सरत नाही.

मणिबेन साठीच्या, कपाळावर मोठं कुंकू, आवाज खणखणीत. "आवो मास्तर, आवो," म्हणून त्यांनी बाज टाकली. आधी ऊस दाखवला, मग सुरणाचं रान. सुरण मला लांबूनच दाखवा, असं मी म्हटलं तेव्हा त्याही हसल्या. मग टोपलीभर कंद विमलपुढे ठेवून त्या ताक आणायला घरात गेल्या.

कुंपण बाजेपासून पंधरा पावलांवर होतं. काटेरी तार, तिच्यात करवंद, निवडुंग, आणि कसलेकसले वाळलेले वेल. वेलांना हिरवं पान नाही, फूल नाही. माघ सरत आलेला, सगळं करपलेलं. विमल उठून तिकडे गेली आणि पडलेली खुरपी घेऊन वेलाच्या बुंध्याशी खणायला लागली. तिला स्वस्थ बसवत नाही.

"काय शे तठे?" मी विचारलं.

"करांदा शे वाटस. आपला डोंगरमा राहे तसा."

तिने चार-पाच कंद काढले. बोटाएवढे जाड, पांढरट, कोपरात वाकवलेल्या हातासारखे. मला ते आवडले नाहीत. पण मला काहीच आवडत नाही, त्यामुळे माझ्या नावडीला काही किंमत उरलेली नव्हती. तिने एक कापला, मनगटावर चोळला, ओठाला लावला, आणि बाजेवर येऊन बसली.

"खाज ई ऱ्हायनी का?" मी विचारलं.

"नही. तूच देख." तिने फोड माझ्या मनगटावर चोळली. मी श्वास धरून बसलो. काही झालं नाही. "मंग व्हयनं," असं म्हणून तिने ते कंद मणिबेनच्या कंदांखाली टोपलीत सारले.

मणिबेन ताक घेऊन आल्या तेव्हा त्यांना ते दिसले नाहीत. आपल्याला दिलेलं पुरेसं नाही असं वाटून पाहुणी कुंपण खणते, हे त्यांना कळलं तर वाईट वाटेल, म्हणून विमलनेही दाखवले नाहीत. मीही बोललो नाही. ताक फार छान होतं, जिरं लावलेलं. दोन गिलास प्यालो.

शिवरात्र

दुपारी बाराच्या सुमारास विमलने कंद उकडले. जांभळ्या कंदाच्या फोडी वेगळ्या आणि हे पांढरे वेगळे, गुळाच्या पाण्यात. हिरामणराव दिवसपाळीला गेले होते आणि ते उपास धरत नाहीत. शेजारणींच्या घरी आपापली रताळी शिजत होती. म्हणजे ताटावर आम्ही दोघंच.

विमलने पांढरी फोड चमच्याने उचलली आणि थांबली. हसून माझ्याकडे पाहिलं, पण त्या हसण्यात किंचित काही वेगळं होतं. तिच्या मनातही कणभर शंका आली असावी.

"भाऊ, तू मास्तर शेस. तू सांग. खावानं का नही?"

इथे मला थांबून लिहावं लागतं. तीन दिवस मी हंडा उचलला, पोंक सोडला, सुरणाला लांबून नमस्कार केला. तीन दिवस सगळे मला हसले. मला नको म्हणायचं होतं. जिभेवर शब्द आला होता. आणि मला लाज वाटली. आयुष्यात एकदा तरी भेकड नाही असं दिसावं, असं वाटलं. मी म्हणालो, "खाय ना. खाज नही म्हंजे काय व्हस?"

तिने खाल्लं. एक, दोन, मग आणखी. "जराखं कडू लागस, पन गूळमा चालस," असंही म्हणाली. मी दोन फोडी खाल्ल्या. कडवटपणा होता, पण मेथीत असतो तेवढाच.

तीनच्या पुढे तिने घशाला हात लावला. घशात चुणचुण होते म्हणाली. मग ओठ बधिर वाटतात म्हणाली. मग ती मोरीत गेली ती लवकर बाहेर आली नाही. ओकारी, पुन्हा ओकारी, आणि जुलाब पाण्यासारखे. अर्ध्या तासात तिचा चेहरा असा झाला की मी ओळखलं नसतं. गाल आत गेले, डोळे खोल गेले. बोटांची कातडी ओल्या कपड्यासारखी सुरकुतली.

"भाऊ, माले काय व्हई ऱ्हायनं?" ती म्हणाली.

माझी पाचावर धारण बसली. आणि मला हे लिहायची लाज वाटते, पण त्या क्षणी मी तिचा हात सोडून स्वतःच्या पोटावर हात ठेवला. मीही दोन फोडी खाल्ल्या होत्या. माझ्या पोटात काही हललं का, हे मी ऐकत होतो आणि माझी बहीण मोरीच्या उंबऱ्यावर पडली होती.

मग मी ओरडलो. शेजारणी धावल्या, कोणीतरी रिक्षा आणली, कोणी लूमवर निरोप धाडला. निघताना मला एवढं सुचलं, की पातेल्यात उरलेल्या दोन पांढऱ्या फोडी फडक्यात बांधून घेतल्या.

सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी नळी घालून पोट धुतलं, सलाईन लावलं. मलाही दोन उलट्या झाल्या, मलाही बाकावर निजवून बाटली लावली. मग त्यांनी ते फडकं उघडून पाहिलं.

"क्या है ये?"

"जंगली कंद," मी म्हणालो. "साहब, खाज नहीं थी."

त्यांनी कागदावर माझा पेशा वाचला होता. "मास्टरजी, खुजली नहीं तो जहर नहीं, ऐसा किसने बताया? उबला हुआ टुकड़ा देखके मैं क्या पहचानूं? पौधा लाओ, या नाम लाओ."

पुन्हा कामरेज

सकाळी मी एकटाच कामरेजला निघालो. माझं पोट ठीक होतं. विमलच्या उलट्याही थोड्या कमी झाल्या होत्या, ती पाणी मागत होती. हिरामणराव तिच्या उशाशी होते. नुसत्या अन्नबाधेचा प्रकार असेल तर संध्याकाळी सोडतील, असं कोणीतरी म्हणालं. मला त्यावर विश्वास ठेवावासा वाटत होता. पण बसमध्ये खिडकीबाहेर जे जे झाड दिसे, त्याच्यातला मारणारा भाग मी शोधायचो. रस्त्याच्या मधोमध गुलाबी कण्हेर, कालव्यावर एरंड, कचऱ्यात धोतरा. आपण असे दिवसभर यांच्यातून चालतो आणि काही होत नाही, याचंच मला आश्चर्य वाटायला लागलं.

मणिबेन भाजी निवडत होत्या. मी सरळ कुंपणाकडे गेलो. खणलेले खड्डे तसेच होते. वाळका वेल तारेवर लोंबत होता. मी वाकून पाहिलं. एक सुकलेलं पान तारेला धरून होतं. पानाचं टोक लांब, बारीक, आणि ते टोकच वळून तारेभोवती गुंडाळलेलं. वेगळा ताणा नव्हता. पानाच्या टोकानेच तार पकडली होती.

ते मी ओळखलं. वीस वर्षं मी हे पान फळ्यावर काढत आलो आहे. दर श्रावणात आमच्याकडे कुंपणांवर हा वेल चढतो, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी त्याची फुलं येतात, आणि मी मुलांना रांगेत उभं करून सांगतो, हे पान बघा, याचं टोक ताणा झालं आहे, आणि हिला हात लावू नका, ही कळलावी. राणीने तर तिचं चित्र काढून वहीत डकवलं आहे. मला तिचं फूल ठाऊक, पान ठाऊक, नाव ठाऊक. तिचा कंद मी कधी पाहिला नव्हता. फुलांच्या दिवसांत कोणी खणत नाही, आणि खणायच्या दिवसांत वेल ओळखू येत नाही.

मणिबेन माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. खड्डे पाहून त्यांचा चेहरा पडला.

"आ कोणे खोद्युं?"

"विमलने. बेन, तिने खाल्लं."

"अरे राम!" त्यांनी कपाळावर हात मारला. "आ तो दुधियो वछनाग छे! मारी सासु अमने एने अडवा पण नो'ती देती. केटलुं खाधुं?"

कळलावीचंच हे त्यांच्याकडचं नाव, सासू तिला शिवूही देत नसे. किती खाल्लं ते मी बोटांनी दाखवलं. त्या खालीच बसल्या. "मने पूछ्युं केम नहीं?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मला का नाही विचारलं? दोन पावलांवर मी होते, मला का नाही विचारलं? तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, असं सांगायचं धैर्य झालं नाही. मी वेलाचा तुकडा आणि खड्ड्यात राहिलेला एक कंद पिशवीत घातला. मणिबेन पदर खोचून म्हणाल्या, मीही येते.

दवाखाना

विमल उठून बसली होती. केस विंचरून घेतले होते. मला पाहून म्हणाली, "भाऊ, माले बरं वाटी ऱ्हायनं. घर चाल."

डॉक्टरांनी वेल पाहिला, कंद पाहिला, आत जाऊन एक जाड पुस्तक आणि एक वयस्क डॉक्टर घेऊन आले. वयस्क डॉक्टर विमलशी गोड बोलले, नाडी पाहिली, मग आम्हाला बाहेर बोलावलं. त्यांचं मराठी चांगलं होतं.

"नाव आणलंत हे फार बरं केलंत," ते म्हणाले. "नाहीतर आज सोडून दिलं असतं. हे विष पहिल्या दिवशी पोट धुऊन काढतं, मग माणसाला बरं वाटतं, आणि मग ते आत जातं. रक्तात, मूत्रपिंडात. याला उतारा नाही. आपण फक्त सलाईन देणार, रक्त लागलं तर रक्त देणार, आणि वाट बघणार. तीन-चार दिवस."

आत विमल शेजारच्या खाटेवरच्या बाईला कालव्यावरच्या चिवळीच्या भाजीची पद्धत सांगत होती. तिचा हसण्याचा आवाज बाहेर येत होता. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. तिला बरं वाटत होतं आणि आम्हाला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं. लघवी थांबल्यासारखी झाली. चौथ्या दिवशी ती कोणाला ओळखेना. लूमवरच्या चार पोरांनी येऊन रक्त दिलं, दिवसपाळी बुडवून. मणिबेन रोज कामरेजहून येत, बाहेर बाकावर माळ घेऊन बसत. मी शाळेत रजेची तार केली. तारेत काय लिहावं ते कळेना. राणी ती तार वाचणार होती, पोस्टमन तार मुलांच्या हाती देतो आमच्याकडे. शेवटी नुसतं "काम निघालं" असं लिहिलं. पोरीची आई गेली तर मी तिला कुठल्या तोंडाने सांगणार होतो? मीच खा म्हटलं, असं? दर श्रावणात मी तुला जिच्यापासून लांब राहायला सांगतो, तीच तुझ्या आईच्या ताटात होती आणि मी ओळखली नाही, असं?

चौथ्या दिवशी दुपारी मी आणि हिरामणराव बाहेर पायरीवर बसलो होतो. मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं. तिने मला विचारलं होतं, मी खा म्हणालो.

हिरामणराव हाताला लागलेलं लूमचं काळं तेल पायरीवर घासत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, ती तुमनं कधी ऐकेल शे का?"

माझं मन राखायला बोलले. मी मान हलवली. पण खरं असं होतं, की आयुष्यभर न ऐकणाऱ्या माझ्या बहिणीने त्या दिवशी माझं ऐकलं होतं.

पाचव्या दिवशी ती तशीच होती. सहाव्या दिवशी लघवी झाली. डॉक्टरांनी ते इतक्या आनंदाने सांगितलं की हिरामणराव रडले. सातव्या दिवशी तिने डोळे उघडले, मला ओळखलं, आणि पहिलं वाक्य बोलली ते, "मन्ही पोरले काही सांगू नको."

तरुण डॉक्टरांना कागदावर लिहायचं होतं. त्यांनी विचारलं, खायला कोणी सांगितलं? मी पुढे झालो. विमल खाटेवरून, बारीक आवाजात पण आधी बोलली, "मीच खंदं, मीच शिजाडं, मीच खादं. भाऊ नही म्हने."

भाऊ नाही म्हणत होता. मी तिथेच उभा होतो आणि ती माझ्याकडे पाहतही नव्हती. डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं. मी ते खोडायला लावलं नाही. अजूनही त्या कागदावर मी शहाणा भाऊ आहे.

डिंडोली, परत

दवाखान्यातल्या बाराव्या दिवशी आम्ही तिला घरी आणलं. लूमचा खडखडाट तसाच होता, पण गल्ली बदललेली वाटली. शेजारणी आल्या, भेटल्या, रडल्या, पण बसल्या उंबऱ्याबाहेर. चहा ठेवते म्हटल्यावर सगळ्यांना कामं आठवली. रोज सकाळी विमलकडून पाला निवडून नेणाऱ्या बाया आता कोबी आणत होत्या. कोणाची चूक नाही. मी त्यांच्या जागी असतो तर उंबऱ्यापर्यंतही आलो नसतो.

दोन दिवसांनी तिचे केस गळायला लागले. कंगव्यात नव्हे, नुसता हात फिरवला की बुचकेच्या बुचके हातात येत. आम्ही धावत दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, हे विष जाताना असंच करतं, केस परत येतील. विमलने डोक्याला फडकं बांधलं आणि आरशावर टॉवेल टाकला. पण केसांचं तिला फारसं वाटलं नसावं. तिचं दुसरंच काही गेलं होतं. ती कालव्याकडे गेली नाही. दारातल्या डब्यांना पाणी घाली, पण हात लावत नसे. जेवायला वरण-भात, तोही हिरामणरावांनी शिजवलेला. त्यातलीही कोथिंबीर ती काढून ठेवी.

सुरतेतल्या अठराव्या दिवशी मी निघणार होतो. दुपारी दोनची गाडी होती. त्या दिवशी ती सकाळी उठली, दारात बसली, आणि डब्यातला तांदुळजा खुडला. एकेक पान उजेडात धरून पाहिलं. उलटं करून पाहिलं. पंधरा मिनिटांचं काम तिने तासभर केलं. मग लसूण घालून भाजी केली, दोन भाकरी टाकल्या, आणि दोन ताटं वाढली. हिरामणराव कामावर होते.

मी बसलो. ती समोर बसली. तिचा हात भाकरीवर होता, पण तुकडा मोडत नव्हता. ती माझ्या हाताकडे पाहत होती.

"जेव ना, इमल," मी म्हणालो.

"तू जेव, भाऊ. मी मांगून जेवसू."

तेव्हा मला कळलं, आधी मी खायचं होतं. मला भीती वाटली नाही असं लिहिलं तर खोटं होईल. तांदुळजा मी ओळखतो. ती दवाखान्यात असताना मी स्वतः पाणी घातलेला तांदुळजा होता तो. तरी पहिला घास तोंडाजवळ नेण्याआधी मी तो उलटा करून पाहिला, आणि ते तिने पाहिलं. मी घास घेतला. चावला. गिळला. पुढचा घेतला. भाजी उत्तम होती, मीठ जरा जास्त. मी ताट पुसून खाल्लं.

तिने आपल्या ताटावर दुसरं ताट झाकलं आणि भिंतीला टेकून बसली. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले होते. शिवरात्रीला फोडी खाल्ल्यावर तीन तासांनी घशात चुणचुण सुरू झाली होती. आम्ही राणीविषयी बोललो, गावच्या विहिरीविषयी बोललो. मध्ये एकदा मला ढेकर आला तर ती दचकून ताठ झाली. मी मात्र हात एकदाही पोटाकडे नेला नाही. दोन वाजले. ती म्हणाली, "भाऊ, तुन्ही गाडी." मी म्हणालो, उद्या सकाळी दुसरी आहे.

साडेतीन वाजले तेव्हा ती हलली. माझा चेहरा नीट पाहिला, डोळे पाहिले. मग वरचं ताट काढून बाजूला ठेवलं. भाकरी वातड झाली होती, भाजी गार. तिने तुकडा मोडला, भाजीला लावला, डोळे मिटले, आणि तोंडात घातला. मी श्वास धरून तिच्याकडे बघत बसलो.